गेममधला शत्रू मारल्यावर मन खातं, तेव्हा काय करावं

"अगं, नुसती चित्रं आहेत ती!" हे वाक्य ज्यांना ऐकावं लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. गेममध्ये एखादा पहारेकरी मागून जाऊन मारला, तो पडला, गोष्ट पुढे गेली. तरी रात्री ओटा पुसताना तोच डोळ्यांसमोर येतो. सांगावं तर लोक हसतात, न सांगावं तर चुटपुट जात नाही.

ही टोचणी घालवून टाकायचा उपाय इथे मिळणार नाही. "दहा-वीस मार, मग सवय होते" हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. सवय होते हे खरं, पण सवय होणं म्हणजे प्रश्न सुटणं नव्हे. टोचणी नेमकी कशाची आहे ते ओळखायचं आणि मग तिचं काय करायचं ते ठरवायचं, एवढंच मी करते आणि तेच सांगणार आहे.

तुम्ही जगावेगळे नाही, हे आधी मनातून पक्कं करा. टिलो हार्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. विनाकारण केलेली हिंसा खेळणाऱ्यांना जास्त अपराधी वाटायला लावते, आणि ज्यांना दुसऱ्याचं दुःख चटकन जाणवतं त्यांना ते जास्त लागतं, असं त्यात दिसलं. त्याआधी २००६ मध्ये मेल स्लेटर यांच्या गटाने लोकांना संगणकावरच्या एका बाईला विजेचे झटके द्यायला सांगितलं होतं. ती खरी नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी त्यांचं शरीर अस्वस्थ झालंच. डोक्याला माहीत असतं, अंगाला ते पटत नाही. त्यामुळे "खरं नाही ना ते" असं स्वतःला शंभरदा बजावून फार उपयोग होत नाही.

नेमकं काय लागलं ते पकडा

"मारलं म्हणून वाईट वाटलं" एवढ्यावर थांबू नका. बहुतेक वेळा मरण्यापेक्षा त्याच्या आसपासचं काहीतरी लागलेलं असतं. मोबाइलवर एक ओळ लिहा: तो कोण होता, काय करत होता, कुठल्या क्षणी आपला हात आखडला. लगेच लिहा, सकाळपर्यंत ते पुसट होतं.

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांना पुन्हा चालायला शिकवते आणि रात्री सगळं आवरलं की गेम लावते. रेड डेड रिडेम्प्शन २ हा २०१८ चा गेम, १८९९ सालच्या अमेरिकेतला. आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर आपल्या हातात असतो. गोळीबारात माणसं पटापट पडतात, त्याचं मला विशेष काही वाटत नव्हतं. एकदा मात्र पायात गोळी लागलेला एक जण कसाबसा उठला आणि कुंपणाकडे निघाला. एक पाय मागे राहत होता, तो ओढायला कमरेला झोल देत होता, एक हात मांडीवर दाबलेला. ही चाल मी रोज बघते. अशा माणसाला मी "सावकाश, घाई नाही" म्हणते. आणि इथे माझ्या बोटाखाली ट्रिगर होता.

माझी ओळ होती: "पाठमोरा, लंगडत, लढाई सोडून चाललेला." ती लिहिल्यावर कळलं की मला मारण्याचा त्रास नव्हता, निघून जाणाऱ्याला मारण्याचा होता. मग करायचं काय, हेही त्या ओळीतच होतं. त्या गेममध्ये पळणाऱ्याला सोडून देता येतं. वेळ संथ करणारी डेड आय नावाची सोय आहे, ती वापरून समोरच्याच्या हातातली बंदूक उडवता येते, आणि निःशस्त्र झालेले पुष्कळदा पळूनच जातात. काही मोहिमांत सगळे संपल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, तिथे इलाज नाही. पण जिथे मोकळीक आहे तिथे मी लंगडणाऱ्यावर गोळी झाडत नाही, आणि त्यामुळे खेळ माझ्यासाठी अधिक खरा झालाय. शिकारीतही तेच. जखमी हरीण त्यात ओरडतं. योग्य हत्यार घेऊन, थांबून, एका नेमात काम झालं तर त्याचे हाल होत नाहीत, आणि कातडंही चांगलं मिळतं.

तुमची ओळ वेगळी असेल. माझ्या मैत्रिणीला द लास्ट ऑफ अस पार्ट २ मध्ये नावं लागली. तिथे एकाला मारलं आणि त्याच्या सोबत्याला ते प्रेत दिसलं, की तो मेलेल्याला नावाने हाक मारतो. २०२० मध्ये हा गेम आला तेव्हा बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं होतं. तिथे कुत्रेही आहेत, आणि मालक मेल्यावर ते कुईं कुईं करतात. तिने सेटिंगमध्ये जाऊन जमिनीवर आडवं पडल्यावर शत्रूंना न दिसण्याची सोय चालू केली आणि बरेच प्रसंग सरपटत पार केले. सगळे नाही, काही मरणं तो गेम तुमच्याच हातून घडवतो. पण जमेल तिथे तिने टाळलं, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. अडचण कमी करायच्या सोयी वापरल्या म्हणून कोणी कच्चा खेळाडू ठरत नाही.

काहींना झोपलेल्याला मारणं सहन होत नाही. ही टोचणी आपल्याकडे फार जुनी आहे. अश्वत्थामा रात्री पांडवांच्या छावणीत शिरला आणि झोपेतल्यांना कापून काढलं, त्याचं पाप त्याच्या कपाळावरच्या भळभळत्या जखमेसकट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तेव्हा चोरपावलांच्या गेममध्ये पलंगावरच्या माणसापुढे हात थबकला, तर तुमच्यातलं काहीतरी चांगलं जागं आहे.

दुसरा मार्ग होता का, ते शोधा

हा सगळ्यात उपयोगाचा प्रश्न. ज्या गेममध्ये न मारताही पुढे जाता येतं, तिथली टोचणी खरोखर तुमची असते. तिच्याशी वाद घालू नका, दुसरा मार्ग घ्या.

अंडरटेल हा २०१५ चा टोबी फॉक्सचा गेम पूर्णपणे याच गोष्टीवर उभा आहे. प्रत्येक लढाईत लढा, बोला-वागा, वस्तू वापरा आणि दया करा असे चार पर्याय असतात, आणि एकालाही न मारता तो संपवता येतो. सुरुवातीलाच टोरिएल नावाची एक मायाळू बाई भेटते. ती तुम्हाला घरी नेते, खायला करते, आणि बाहेर जाऊ देत नाही. "थोडं मारू, म्हणजे नमेल" असं वाटून लोक वार करत जातात आणि एक घाव अचानक जिव्हारी बसतो. तिला वाचवायचं तर एकच करायचं: प्रत्येक वेळी दया हाच पर्याय घेत राहायचं. ती गप्प बसते, पुन्हा हल्ला करते, आपण पुन्हा दयाच निवडायची. धीर सुटू देऊ नका. आणि आधी मारून, मग गेमची साठवलेली जुनी नोंद (सेव्ह) उघडून वाचवलंत, तर पुढे भेटणारं फ्लॉवी नावाचं फूल ते तुम्हाला तोंडावर सांगतं. गेम विसरत नाही. न मारता खेळायचं तर शेवटपर्यंत तुमची पातळी १ च राहते आणि जीव २० गुणांचाच. म्हणजे चुकवायला शिकावं लागतं. हे कष्ट मला फार आवडले. दया फुकट मिळत नाही, तिला हात साधावा लागतो.

डिसऑनर्ड (२०१२) जरा बारकाईने सांगते, कारण न मारता खेळायचं म्हणणारे इथेच फसतात. डनवॉल हे प्लेगने पोखरलेलं शहर. जितके जास्त मारता, तितके उंदीर आणि रोगी वाढतात, शेवट काळा होतो. सम्राज्ञीची लहान मुलगी एमिली चित्रं काढते, तुमच्या वागण्याप्रमाणे तीही बदलतात. तुम्हाला नावेतून नेणारा सॅम्युअल तुमचा तिरस्कार करू लागतो. पहारेकऱ्याला मागून गळा आवळून बेशुद्ध करता येतं किंवा झोपेचा बाण मारता येतो. लोक एवढं करून निघून जातात आणि मोहीम संपल्यावर पडद्यावर मेलेल्यांचा आकडा बघून चक्रावतात. कारण बेशुद्ध माणूस रस्त्यावर तसाच टाकला तर उंदीर त्याला खातात. पाण्यात पडला तर बुडतो. उंचावरून टाकला तर मरतो. हे सगळं तुमच्या नावावर. म्हणून बेशुद्ध केल्यावर त्याला उचला आणि उंदीर चढणार नाहीत अशा जागी ठेवा: कचऱ्याच्या मोठ्या पेटीवर, टेबलावर, कपाटाच्या माथ्यावर. मी आधी तोंड भिंतीकडे करून बसवायचे, आता निजवते. गेमला त्याने काही फरक पडत नाही, मला पडतो.

त्याच गेममध्ये हृदय नावाची एक वस्तू हातात येते. ती एखाद्याकडे रोखून दाबली की त्या माणसाचं एखादं गुपित सांगते. कोणाला हात लावण्याआधी ते ऐकावं, अशी माझी शिफारस आहे. पहारेकरी मग पहारेकरी राहत नाही.

आता नाजूक भाग. मुख्य लक्ष्य असलेल्या प्रत्येकाला न मारता बाजूला करायची सोय तिथे आहे, पण ती स्वच्छ नाही. पेंडल्टन जुळ्या भावांना मारायचं नसेल तर एका टोळीवाल्याशी सौदा करावा लागतो. तो त्यांची डोकी भादरून, जिभा कापून, त्यांच्याच खाणीत गुलाम म्हणून राबायला पाठवतो. बॉइल घराण्यातल्या बाईला बेशुद्ध करून, तिच्यावर "प्रेम" करणाऱ्या माणसाच्या नावेत टाकायचं, तो तिला कायमची घेऊन जातो. आकड्यात हे शून्य मरण. माझ्या मते या दोन्ही गोष्टी मारण्यापेक्षा भयानक आहेत, आणि बॉइलच्या प्रसंगी मन खाल्लं नाही तरच मला काळजी वाटेल. तेव्हा "कोणी मेलं नाही" ही पावती मिळाली म्हणून मन गप्प बसेलच असं नाही. तिथे तुमचं तुम्हाला ठरवावं लागतं, आणि तुम्ही ठरवलेलं मित्राला पटलं नाही तरी चालतं.

मेटल गियर सॉलिड ३ बद्दल थोडक्यात: २००४ च्या या गेममध्ये एक नदी येते, आणि आतापर्यंत ज्यांना ज्यांना मारलं ते सगळे त्या पाण्यातून समोरून चालत येतात. ज्याने गुंगीच्या पिस्तुलावर भागवलं, त्याची नदी जवळजवळ रिकामी असते. २०२५ मध्ये हा गेम नव्या रूपात आलाय. पहिल्यांदा खेळणार असाल तर आधीच ठरवून जा.

मार्गच नव्हता, तेव्हा

शॅडो ऑफ द कोलोसस (२००५, पुन्हा नव्याने २०१८) हा गेम मी दरवर्षी पावसाळ्यात काढते. वँडर नावाचा तरुण, मेलेली मोनो नावाची मुलगी, अॅग्रो हा घोडा आणि १६ महाकाय जीव. एवढंच. किरकोळ शत्रू नाहीतच. मुलीला परत आणायचं तर सोळाही मारायचे, दुसरी वाट नाही. तेरावा तर वाळवंटावरून नुसता उडत असतो, आपल्यावर हल्लाही करत नाही. आपण घोडा दौडवत त्याच्या पोटाखालच्या पिशव्यांवर बाण मारायचे, तो खाली आला की पंखाला धरून पाठीवर चढायचं आणि तलवार खुपसायची. तो पडतो तेव्हा विजयाचं संगीत वाजत नाही, शोकाचं वाजतं. मग त्याच्या देहातून काळे धागे निघून वँडरमध्ये शिरतात. वँडर देवळात जागा होतो तेव्हा त्याच्याभोवती काळ्या सावल्या उभ्या असतात, प्रत्येक मरणागणिक एक वाढलेली. त्याचा चेहरा फिका आणि मळकट होत जातो.

अशा गेममध्ये टोचणी हाच ऐवज आहे. ती टाळायला खेळ अर्धा सोडू नका, पण घाईही करू नका. मी एका रात्री एकच मारते. तो पडला की कंट्रोलर खाली ठेवते, संगीत पूर्ण ऐकते, वँडरचा चेहरा जवळून बघते आणि बंद करते. लगेच पुढच्याकडे धावलं की सोळा मरणं म्हणजे सोळा कोडी होऊन जातात.

स्पेक ऑप्स: द लाइन (२०१२) वेगळा. वाळूत गाडलेलं दुबई, कॅप्टन वॉकर, आणि पांढऱ्या फॉस्फरसच्या, म्हणजे माणसं जाळणाऱ्या रसायनाच्या, माऱ्याचा प्रसंग. गेममधल्या नेम धरायच्या पडद्यावर माणसांचे नुसते पांढरे ठिपके दिसतात, आपण त्यांच्यावर मारा करतो, आणि त्या पडद्याच्या काचेत वॉकरचा चेहरा अंधुक उमटलेला असतो. नंतर जळालेल्या माणसांमधून चालत जाताना कळतं की त्यात आसरा घेतलेले साधे लोक होते. पुढे गेम तुम्हालाच दोष देत राहतो. पण तिथे दुसरा पर्याय दिलेलाच नाही. मारा केल्याशिवाय गोष्ट हलत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की तो दोष अंगाला लावून घेऊ नये. नाटकातला माणूस आपल्या डोळ्यांदेखत चुकतो तेव्हा जे होतं, ते इथे होऊ द्या. रडू आलं तर रडा. "हे मी केलं" मात्र म्हणू नका. आणि नको वाटलं तर तिथेच बंद करा. पैसे दिलेत म्हणून शेवट बघायलाच हवा, असं काही नाही.

समोर खरा माणूस असेल तर

बीजीएमआय, फ्री फायर असे मोबाइलवर एकमेकांवर गोळ्या झाडायचे गेम खेळणारे मला विचारतात, नवख्या पोराला मारलं की वाईट वाटतं, काय करू? बीजीएमआयमध्ये रक्त हिरवं दाखवतात, मारण्याला "फिनिश" म्हणतात, आणि खालच्या रँकला समोरचे पुष्कळसे बॉटच, म्हणजे गेमनेच चालवलेले खोटे खेळाडू असतात. पण बॉट नसला तरी त्याचं फार तर एका मॅचचं नुकसान होतं. तो लॉबीत, म्हणजे सुरुवातीच्या पडद्यावर जातो आणि पुन्हा उतरतो. तो स्वतःहून खेळायला आलाय, त्याला नियम माहीत आहेत. या गोळीबद्दल मन खाऊ देऊ नका.

तिथे मन खायला हवं ते माइकवरच्या शिव्यांबद्दल. पडलेल्याच्या अंगावर उठाबशा काढणं, मुलीचा आवाज ऐकला की घाणेरडं बोलणं, स्वतःच्याच स्क्वॉडमधल्या लहान मुलाला आई-बहिणीवरून बोलणं. गोळी खोटी आहे, शिवी खरी आहे, आणि ती कुठल्यातरी घरात बसलेल्या कुणाच्या तरी कानात जाते. असं काही आपल्याकडून झालं असेल तर त्या खेळाडूला निरोप पाठवून सॉरी म्हणता येतं. दुसरा कोणी करत असेल तर रिपोर्टचं बटण असतं, ते वापरा.

घरात लहान मूल असेल तर

माझा भाचा सांगलीहून सुट्टीत येतो. चौथीत असताना माइनक्राफ्टमध्ये त्याने मेंढी मारली आणि मांस, लोकर गोळा करून झाल्यावर एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "मावशी, तिचं पिल्लू तिथंच उभं आहे."

"अरे, गेम आहे तो" असं मी म्हटलं नाही. म्हटलं, "मग आपण काय करू या?" कात्री बनवली. दोन लोखंडी तुकड्यांत होते. कात्रीने मेंढी न मारता लोकर मिळते, आणि ती गवत खाऊन पुन्हा लोकर वाढवते. पिल्लाला गहू भरवला, की ते लवकर मोठं होतं. नंतर त्याने कुंपण घातलं आणि आजही त्याच्या प्रत्येक जगात मेंढ्यांचा गोठा असतो. भुतं-राक्षस नको असतील तर सेटिंगमध्ये पीसफुल ही पातळी ठेवा: शत्रू येत नाहीत आणि भूकही लागत नाही, त्यामुळे कोंबड्या-डुकरांनाही जीवदान मिळतं.

मुलाने असं काही विचारलं तर हातातलं काम ठेवून त्याच्या शेजारी बसा आणि पडद्याकडे बघत बोला. त्याच्याकडे बघत विचारलं की त्याला आपली झाडाझडती चालल्यासारखं वाटतं. आणि वयापेक्षा मोठा गेम असेल तर तो सरळ बाजूला ठेवा. पाकिटावर वय छापलेलं असतं ते उगाच नाही.

ओझं फारच होत असेल तर

एक-दोन दिवस मनात घोळणं ठीक. पण झोप उडाली, तेच दृश्य दिवसा नको तेव्हा येऊ लागलं, आपण वाईट माणूस आहोत असं खोलवर वाटू लागलं, पुन्हा पुन्हा हात जोडून माफी मागावीशी वाटू लागली, तर गेम हे फक्त निमित्त असू शकतं. घरातलं एखादं मरण, अपघात, जुनं भांडण त्यातून वर येतं. माझ्याकडे गुडघ्यासाठी येणाऱ्यांनाही कित्येकदा दुखणं दुसरीकडेच असतं. अशा वेळी काही आठवडे तो गेम काढून ठेवा, विश्वासातल्या माणसाशी बोला. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. "गेममुळे असं होतंय" म्हणायला संकोच करू नका, तिथे कोणी हसत नाही.

सुरुवात कुठून करू असं विचाराल तर अंडरटेल. साध्या लॅपटॉपवर चालतो, साताठ तासांत संपतो, दिवाळीत सेल लागला की स्वस्तात मिळतो. इंग्रजी सोपं आहे. टोरिएलपाशी पोहोचलात की घाई नको, दया निवडत राहा. ती बाजूला व्हायला बराच वेळ घेते.